रोहित्राची रांग: वीज कंपन्यांच्या साहित्यपुरवठ्याबद्दल बोलूया

स्विचयार्ड (धागाकर्ता)

मी वीज पारेषणाच्या कामात आहे. निम्मी नोकरी सबस्टेशनच्या देखभालीत गेली, आता खरेदी विभागात आहे. देखभालीत असताना साहित्याच्या बातम्या मी वाचत नसे. कुणी नवा ब्रेकर (बिघाड झाला की प्रवाह तोडणारं यंत्र) काढला, कुणी कुणाचा कारखाना घेतला, त्याच्याशी आपलं काय काम, असं वाटायचं. खरेदीत आल्यावर लक्षात आलं की पाच वर्षांनी आपल्या सबस्टेशनमध्ये काय उभं असेल आणि काय नसेल, ते याच बातम्यांवरून ठरतं. म्हणून हा धागा.

सुरुवात मोठ्या ट्रान्सफॉर्मरपासून, म्हणजे रोहित्रापासून, करतो, कारण सगळं घोडं तिथंच अडलंय. ऑर्डर दिली की साधारण वर्षभरात माल ट्रेलरवर चढलेला दिसायचा, या हिशोबावर आमची पिढी काम शिकली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं फेब्रुवारी २०२५ च्या अहवालात म्हटलंय की मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर मिळायला आता चार वर्षांपर्यंत लागतात आणि केबलला दोन ते तीन वर्षं. २०२१ च्या तुलनेत दोन्हींची सरासरी मुदत जवळजवळ दुप्पट झाली आहे. त्याच अहवालानुसार २०१९ पासून केबलची किंमतही जवळपास दुप्पट झाली आणि ट्रान्सफॉर्मरची सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली.

कारण एक नाही. सौर आणि पवन प्रकल्पांना प्रत्येक ठिकाणी व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो, डेटा सेंटर मोठाल्या जोडण्या मागतात, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बसवलेली यंत्रं नेमकी आत्ताच बदलायला आली आहेत. ही तिन्ही गिऱ्हाइकं एकाच कारखान्याच्या दारात उभी आहेत.

कारखाने वाढताहेत, हेही खरं. हिताची एनर्जीनं २०२४ मध्ये ट्रान्सफॉर्मर उत्पादनासाठी दीड अब्ज डॉलरची जादा गुंतवणूक जाहीर केली. सीमेन्स एनर्जीनं त्याच वर्षी अमेरिकेत शार्लट इथं मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा कारखाना उभारायचं ठरवलं. जीई व्हर्नोव्हानं ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रोलेक जीई या ट्रान्सफॉर्मर कंपनीतला उरलेला निम्मा हिस्साही घेण्याचं जाहीर केलं. पण या बातम्या वाचून "आता सुटलो" असं मला वाटत नाही. माझं मत असं की पुढची काही वर्षं तरी आहे तो ट्रान्सफॉर्मर जगवणं हीच सगळ्यात मोठी खरेदी आहे. तुम्हाला काय वाटतं? जो कुणी या धंद्यात आहे त्यानं आपल्या टेबलावरून काय दिसतं ते लिहावं.

वाइंडिंगवाला

मी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वाइंडिंग (तांब्याच्या गुंडाळ्या) आणि ड्राइंग (सुकवणी) विभागात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. स्विचयार्ड, तुम्ही "सुटलो असं वाटत नाही" म्हणालात ते अगदी बरोबर. इमारत दोन वर्षांत उभी राहते. वाइंडर दोन वर्षांत तयार होत नाही.

मोठ्या व्होल्टेजच्या डिस्क वाइंडिंगमध्ये कितीतरी तबकड्या एकावर एक बसतात. एका तबकडीतून दुसरीत जाताना तांब्याची पट्टी हातानं वाकवायची, त्या वळणावर कागदाची जादा गुंडाळी द्यायची, मधले स्पेसर एका ओळंब्यात ठेवायचे. एकच कॉइल पुरी व्हायला कित्येक आठवडे जातात. कागद कुठे दुमडला, फाटला, तर ते दिसतं थेट इम्पल्स टेस्टला (वीज पडल्यासारखा व्होल्टेजचा झटका देऊन घेतलेल्या चाचणीत), म्हणजे सगळं जोडून, सुकवून, टाकीत उतरवून, तेल भरून झाल्यावर. मग तेल काढा, कोअर-कॉइल (पोलादी गाभा आणि त्यावरच्या गुंडाळ्या) वर उचला, चूक शोधा. तोपर्यंत टेस्ट-बेच्या (चाचणीच्या जागेच्या) मागची रांग अडून राहते. आमच्याकडे नव्या माणसाला मोठ्या कॉइलवर एकट्यानं सोडायला काही वर्षं जायची, आणि तो नियम आम्ही घाईच्या काळातही मोडला नाही.

ड्राइंगचंही तसंच. ओला कागद आणि प्रेसबोर्ड केरोसीनच्या वाफेत, व्हॅक्युममध्ये सुकवतात. ओलावा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणायचा असतो, आणि भट्टीला घाई चालत नाही. मोठी भट्टी कारखान्यात एक, फार तर दोन.

आणखी एक सांगतो, मालकांची बाजू. मागच्या तेजीत आमच्या कारखान्यानं नवी बे (कामाची शेड) बांधली. ती पुरी होईपर्यंत मागणी ओसरली आणि ती कित्येक वर्षं रिकामी पडून होती. तेव्हा कमी झालेली माणसं परत आली नाहीत. आज कारखानदार पटकन विस्ताराला तयार होत नाहीत, त्यामागे ही आठवण आहे.

पत्रा_०२३

वाइंडिंगवाला काका, तुमच्या प्रतिसादाला कोअरची जोड देतो. मी लॅमिनेशनच्या, म्हणजे कोअरचे पत्रे कापण्याच्या, धंद्यात आहे.

ट्रान्सफॉर्मरच्या कोअरचा सीआरजीओ पत्रा (एका दिशेनं चुंबकत्व सहज वाहील असं सिलिकॉन पोलाद) ०.२३ किंवा ०.२७ मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो जगात मोजक्याच पोलाद कारखान्यांत बनतो. अमेरिकेत तर क्लीव्हलँड-क्लिफ्स हा एकच उत्पादक आहे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारींना लागतो तो दुसऱ्या जातीचा, नॉन-ओरिएंटेड पत्रा. तोही याच धाटणीच्या कारखान्यांत तयार होतो, त्यामुळे गाड्यांची मागणी वाढली की ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याला ओढ बसते.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा किस्सा या संदर्भात वाचण्यासारखा आहे. वितरण ट्रान्सफॉर्मरचा लोड नसतानाचा लॉस कमी व्हावा म्हणून त्यांनी असा मसुदा आणला होता की जवळजवळ सगळ्यांना अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या धातूच्या) कोअरकडे जावं लागलं असतं. अमॉर्फसचा नो-लोड लॉस खरोखर खूप कमी असतो, साठ-सत्तर टक्क्यांनी. पण पत्र्याचा पुरवठा, कोअर कापायची यंत्रं, कामगारांचं शिक्षण हे सगळं एकदम बदलणं शक्य नव्हतं. एप्रिल २०२४ च्या अंतिम नियमात त्यांनी साधारण तीन चतुर्थांश बाजार सीआरजीओवर राहील अशी तजवीज केली आणि अंमलबजावणी २०२९ वर नेली. मला हा निर्णय योग्य वाटतो. तुटवडा असताना चांगला नियमही चुकीच्या वेळी आला तर लोकांच्या घरी वीज पोचायला उशीर होतो.

ऑइलसॅम्पल

मी टेस्टिंगला आहे. "आहे तो ट्रान्सफॉर्मर जगवणं हीच खरेदी" हे वाक्य मी आमच्या लॅबच्या भिंतीवर लावणार आहे.

पण जगवणं म्हणजे नुसतं तेल तपासणं नव्हे, तपासल्यावर काहीतरी करणं. लंडनजवळचं नॉर्थ हाइड सबस्टेशन आठवतंय का? २० मार्च २०२५ च्या रात्री तिथल्या २७५ केव्हीच्या (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ बंद राहिला. ब्रिटनच्या वीज प्रणाली चालकानं, नेसोनं, जुलै २०२५ मध्ये चौकशी अहवाल दिला. हाय व्होल्टेज बुशिंगमध्ये (तार टाकीतून सुरक्षित बाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरमध्ये) ओलावा शिरून बिघाड झाला असण्याची शक्यता सर्वांत जास्त, असा त्यांचा निष्कर्ष. मला अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. त्या बुशिंगच्या तेलातला ओलावा वाढल्याचं जुलै २०१८ मध्येच नमुन्यात दिसलं होतं. रिपोर्ट होता. त्यावर जी कारवाई व्हायला हवी होती ती झाली नाही.

मी वर्षानुवर्षं असे रिपोर्ट लिहिते. तेलात ॲसिटिलीन वायू दिसला म्हणजे आत ठिणगी पडतेय, इथिलीन वाढला म्हणजे कुठेतरी जोड तापतोय, हायड्रोजन एकटाच वाढला तर पार्शल डिस्चार्जचा (इन्सुलेशनमधल्या बारीक विद्युत गळतीचा) संशय, कार्बन मोनॉक्साइड चढला तर कागदाकडे बघा. वायूंच्या प्रमाणावरून दोष ओळखणारा मिशेल ड्युव्हाल यांचा त्रिकोण तर आम्हा सगळ्यांना पाठ असतो. पण रिपोर्ट पाठवल्यावर त्याचं पुढे काय झालं हे लॅबला क्वचितच कळतं. माझी तळमळीची विनंती आहे, खरेदीवाल्यांनी आणि देखभालवाल्यांनी लॅबला उलट उत्तर देण्याची पद्धत पाडावी. "बघितलं, अमुक तारखेला आउटेज (यंत्र बंद ठेवणं) घेतोय" एवढं जरी कळवलं तरी पुष्कळ.

माझा स्वतःचा एक अनुभव. एका ट्रान्सफॉर्मरच्या बी फेजच्या बुशिंगचा टॅन डेल्टा (इन्सुलेशन किती बिघडलंय ते सांगणारं माप) दोन वर्षांत दुपटीवर गेला. आम्ही लगेच आउटेज मागितला, मिळालाही. स्टोअरमध्ये स्पेअर बुशिंग होतं, व्होल्टेज तेच, करंट तोच, फ्लँजची भोकंही जुळली. क्रेननं उचलून आत सोडताना कळलं की खालच्या बाजूची सीटी पॉकेटची (प्रवाह मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर बसतो त्या भागाची) लांबी कमी आहे. लीड (आतली तार) पोचेना. यंत्र उघडं, आभाळ भरून आलेलं. शेवटी जुनं बुशिंग परत न बसवता ब्लँकिंग प्लेट लावून टाकी बंद केली, ड्राय एअर भरली आणि योग्य बुशिंग येईपर्यंत तो ट्रान्सफॉर्मर कित्येक महिने नुसता उभा राहिला. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरनं एकट्यानं उन्हाळा काढला.

स्विचयार्ड

ऑइलसॅम्पल ताई, सीटी पॉकेटची लांबी! आमच्या स्पेअरच्या यादीत फक्त व्होल्टेज, करंट आणि मेक लिहिलेलं असतं. हे मी तपासून घेतो. मनापासून आभार.

शेजारच्या ट्रान्सफॉर्मरनं उन्हाळा काढला त्याबद्दल: वाइंडिंगवरच्या साध्या क्राफ्ट कागदाचं आयुष्य हॉट-स्पॉटचं (आतल्या सर्वांत तापलेल्या जागेचं) तापमान सहा अंशांनी वाढलं की दुप्पट वेगानं झिजतं, असा आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या लोडिंगच्या मार्गदर्शिकेचा हिशोब आहे. म्हणजे एक बुशिंग वेळेवर न मिळाल्याची किंमत दुसऱ्याच यंत्राच्या कागदानं मोजली. ही किंमत कुठल्याच टेंडरच्या तुलना तक्त्यात येत नाही.

नवखा_ग्राहक

मी या क्षेत्रातला नाही, वाचक आहे. साधा प्रश्न विचारतो, राग मानू नका. सगळ्या कंपन्यांनी मिळून एकाच मापाचे ट्रान्सफॉर्मर का बनवून घेऊ नयेत? गाडीच्या टायरसारखे. मग एकाचा गेला तर दुसऱ्याचा आणून लावता येईल.

स्विचयार्ड

राग कसला, हा प्रश्न आम्ही स्वतःला जितका विचारायला हवा तितका विचारत नाही.

अडचण अशी. व्होल्टेज जुळलं तरी इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा आतला विरोध) जुळावा लागतो, नाहीतर दोन ट्रान्सफॉर्मर समांतर चालवताना एकावरच भार जातो. आणि इम्पीडन्स कमी निघाला तर फॉल्ट करंट ब्रेकरच्या क्षमतेपलीकडे जाऊ शकतो. व्हेक्टर ग्रुप (गुंडाळ्या जोडण्याची पद्धत) जुळावा लागतो, टॅपची (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या पायऱ्यांची) रेंज जुळावी लागते, पाया आणि तेलाचा खड्डा त्या वजनाचा हवा, बस-डक्ट किंवा केबल बॉक्स ठरावीक बाजूला हवा. वाटेतले पूल ते वजन पेलणारे हवेत, नुसत्या ट्रान्सफॉर्मरचंच वजन दोनशे-तीनशे टन भरू शकतं. तेल काढून, ड्राय एअर किंवा नायट्रोजन भरून, वर धक्के नोंदवणारा इम्पॅक्ट रेकॉर्डर लावून तो निघतो.

एकसारखेपणाचं मोल युक्रेननं दाखवलं. ऑक्टोबर २०२२ पासून तिथली सबस्टेशनं हल्ल्यांत सापडली तेव्हा मदत द्यायला बरेच देश तयार होते, पण युक्रेनचं जाळं ७५० आणि ३३० केव्हीचं आणि पश्चिम युरोपचं मुख्यतः ४०० केव्हीचं. लिथुआनिया आपला ऑटोट्रान्सफॉर्मर देऊ शकला, कारण त्यांचं जाळंही ३३० केव्हीचंच आहे.

तुम्ही म्हणता तशा वाटेनं एक प्रयोगही झाला आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत ३४५ केव्हीचे तीन सिंगल फेज "रिकव्हरी ट्रान्सफॉर्मर" सेंट लुईसहून ह्यूस्टनला रस्त्यानं नेऊन साधारण आठवड्याभरात चालू केले. एका थ्री फेजऐवजी तीन सुटे, म्हणून प्रत्येकाचं वजन आटोक्यात. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात मेटकाफ सबस्टेशनवर गोळीबार होऊन १७ ट्रान्सफॉर्मर निकामी झाले, तेव्हा अशा तयारीची गरज सगळ्यांनाच पटली.

शेजारच्या दोन-तीन कंपन्यांनी निदान एका व्होल्टेज वर्गासाठी एकच स्पेसिफिकेशन ठरवून एक सामाईक स्पेअर ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक कंपनीचे जुने इंजिनिअर आपापल्या स्पेसिफिकेशनला चिकटून असतात, त्यात मीही होतो. ते सोडावं लागेल.

व्हॅक्युम_बॉटल

ट्रान्सफॉर्मरवरून जरा स्विचगिअरकडे (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यंत्रांकडे) येऊ का? आमच्याकडची उलथापालथ वेगळी आहे. आमच्याकडे वस्तू मिळते, पण कोणती घ्यायची हेच बदलतंय.

एसएफ६ वायू गेली कित्येक दशकं ब्रेकर आणि जीआयएसचा (वायू भरलेल्या बंदिस्त स्विचगिअरचा) आधार आहे. तो आर्क (प्रवाह तोडताना उठणारी ज्योत) उत्तम विझवतो, जागा कमी लागते. पण तापमानवाढीच्या हिशोबात एक किलो एसएफ६ म्हणजे सुमारे २४,३०० किलो कार्बन डायऑक्साइड. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमानं आता तारखा घातल्या आहेत. २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये असे फ्लोरिनयुक्त वायू १ जानेवारी २०२६ पासून बंद. २४ ते ५२ केव्ही २०३० पासून, ५२ ते १४५ केव्ही २०२८ पासून आणि त्यावरचं २०३२ पासून. पर्यायी माल मिळतच नसेल तर सवलतीची तरतूद आहे, पण दिशा ठरली. युरोपबाहेरच्या कंपन्यांनाही हे लागू पडणारच, कारण मोठे उत्पादक दोन वेगळ्या मालिका फार काळ चालवणार नाहीत.

पर्याय ढोबळमानानं दोन. एक, व्हॅक्युम इंटरप्टर (निर्वात बाटलीत प्रवाह तोडणारा) आणि इन्सुलेशनला शुद्ध कोरडी हवा. दुसरा, कार्बन डायऑक्साइड-ऑक्सिजनमध्ये थोडं फ्लोरोनायट्राइल मिसळलेला वायू. दुसऱ्या पर्यायाबद्दल एक बातमी नीट लक्षात ठेवा. हे फ्लोरोनायट्राइल नोव्हेक या नावानं थ्रीएम बनवत असे, आणि २०२५ च्या अखेरीस पीफास वर्गातल्या (निसर्गात सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त) रसायनांचं उत्पादन थांबवत असल्याचं त्या कंपनीनं डिसेंबर २०२२ मध्येच जाहीर केलं. ब्रेकर चाळीस वर्षं चालवायचा असतो. तेव्हा त्यात भरायचा वायू पुढे कोण पुरवणार, हे लेखी घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नये, असं मी आमच्या बैठकीत सांगितलं. माझा कल व्हॅक्युमकडे आहे, हे लपवत नाही.

मात्र व्हॅक्युम म्हणजे नुसता डबा बदलणं नाही. रिॲक्टरचा (मोठ्या कॉइलचा) वगैरे छोटा इंडक्टिव्ह करंट तोडताना व्होल्टेजचे काटे उठू शकतात, म्हणून अरेस्टरची (जादा व्होल्टेज जमिनीत सोडणाऱ्या यंत्राची) जागा पुन्हा तपासावी. कोरड्या हवेची इन्सुलेशन क्षमता कमी, त्यामुळे दाब किंवा आकार वाढतो; जुन्या जीआयएसच्या खोलीत नवी बे (स्विचगिअरचा एक संच) बसेलच असं नाही. आणि संक्रमणाच्या काळात एकाच यार्डात दोन-तीन वायू असतील. वायू भरायच्या जोडण्या वेगळ्या आहेत याची खात्री करा, सिलिंडरवर रंग आणि नाव ठळक लावा, आणि जुन्या एसएफ६ ब्रेकरसाठी वायू परत काढून घेणारी रिकव्हरी कार्ट सांभाळून ठेवा. ते ब्रेकर अजून पंचवीस-तीस वर्षं आपल्यासोबत आहेत.

तारवाला

लाइनच्या बाजूनं थोडंसं. नवा मार्ग मिळत नाही, नवे टॉवर उभे राहत नाहीत, म्हणून जुन्याच टॉवरवर कार्बन कोअरची तार ओढण्याकडे कल वाढलाय. त्याच जागेत जवळजवळ दुप्पट करंट नेता येतो आणि तापल्यावर झोळ कमी पडतो. पण एक हात जोडून सांगणं: तार मागवताना तिचे डेड-एंड (टोकाला तार पकडणारे भाग), जॉइंट, ओढायचे ग्रिप आणि माणसांचं प्रशिक्षण त्याच ऑर्डरमध्ये मागवा. हा कोअर पोलादासारखा वाकवून चालत नाही. लहान पुलीवरून ओढला तर आतून तडकतो, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि तुटतो तो वाऱ्याच्या दिवशी. खाली माझी माणसं असतात.

पत्रा_०२३

तारवाला, तुमचं म्हणणं सगळ्याच साहित्याला लागू आहे. एक विचारायचं होतं. मोठ्या कंपन्या आता कारखान्यातली जागाच आधी आरक्षित करताहेत. नेदरलँड्स आणि जर्मनीत पारेषण करणाऱ्या टेनेटनं २०२३ मध्ये समुद्रातल्या पवन ऊर्जेच्या दोन-दोन गिगावॅटच्या ५२५ केव्ही डीसी जोडण्यांसाठी कन्व्हर्टर (एसीचं डीसी करणारी यंत्रं) आणि केबलचे कित्येक वर्षांचे करार एकदम केले. मग लहान वितरण कंपनीनं काय करायचं? तिच्या वाट्याला रांगेचं शेपूटच येणार.

स्विचयार्ड

खरी चिंता आहे. लहान कंपनीच्या हातात तीन गोष्टी मला दिसतात. एकत्र खरेदी, वर म्हटलंय तसं समान स्पेसिफिकेशन धरून. दुसरं म्हणजे पुढच्या पाच-सात वर्षांच्या गरजेचा प्रामाणिक अंदाज उत्पादकाला देणं. वाइंडिंगवाला काकांनी रिकाम्या बेची गोष्ट सांगितली, त्यावर हेच औषध आहे. फसवा अंदाज देऊन जागा अडवली तर पुढच्या खेपेला कुणी विश्वास ठेवत नाही. आणि तिसरं, दुरुस्ती. त्याबद्दल काका, तुम्हीच लिहा ना. जळालेला ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करावा (गुंडाळ्या नव्यानं घालाव्यात) की नवा घ्यावा?

वाइंडिंगवाला

कोअर शाबूत असेल आणि टाकी सरळ असेल तर रिवाइंडिंगचा विचार जरूर करावा. पूर्वी आम्हीच म्हणायचो, निम्म्या किमतीच्या वर खर्च गेला की नवा घ्या. आज तो नियम मी सांगणार नाही, कारण नव्याला चार वर्षं थांबणं हाही खर्चच आहे.

पण आधी कागद तपासा. नव्या कागदाचं डीपी (कागदाच्या तंतूंची मजबुती सांगणारा आकडा) हजाराच्या पुढे असतं, दोनशेवर आलं की त्यात जीव उरत नाही. बाहेरच्या शॉर्ट सर्किटचा एक धक्का पुरे. टाकी न उघडता तेलातल्या फ्युरानवरून (कागद झिजताना तयार होणाऱ्या रसायनांवरून) अंदाज येतो. आणि एक फेज जळाली म्हणून एकच कॉइल बदलून उरलेल्या दोन जुन्या ठेवायच्या, याच्या मी विरोधात आहे. तिन्हींनी तेवढीच वर्षं काढलेली असतात. रिवाइंड करताना टॅप चेंजरही (व्होल्टेजची पायरी बदलणारा स्विच) जुनाच ठेवू नका, जमलं तर व्हॅक्युम प्रकारचा बसवा. त्यात आर्क व्हॅक्युम बाटलीच्या आत विझतो, डायव्हर्टरचं (त्यातल्या प्रवाह वळवणाऱ्या भागाचं) तेल काळं होत नाही, देखभाल खूप कमी. मात्र टॅप चेंजरलाही आता रांग आहे, म्हणून त्याची ऑर्डर सगळ्यात आधी. तेल बदलायचंच असेल तर वस्तीतल्या सबस्टेशनसाठी नॅचरल एस्टरचा (वनस्पतीजन्य तेलाचा) विचार करा. त्याचा फायर पॉइंट ३५० अंशांच्या वर, खनिज तेलाचा त्याच्या जेमतेम निम्मा.

ऑइलसॅम्पल

काका, एस्टरला अनुमोदन. फक्त डीजीए (तेलातल्या वायूंचा रिपोर्ट) वाचणाऱ्याला तेल बदललंय हे कळवा. एस्टरमध्ये काही वायू, विशेषतः इथेन, दोष नसतानाही वाढलेला दिसू शकतो. खनिज तेलाचा त्रिकोण लावून कुणीतरी नाहक आउटेज घेईल.

नवखा_ग्राहक

एवढं सगळं एका बटणामागे असतं हे माहीत नव्हतं. सगळ्यांचे आभार. स्विचयार्ड, बुशिंगची तपासणी झाली की इथे जरूर कळवा, उत्सुकता आहे.

स्विचयार्ड

आज स्टोअरला जाऊन आलो. सहा स्पेअर बुशिंग आहेत, सगळ्यांच्या क्रेट उघडून मोजली. चार जुळतात. दोनांची सीटी पॉकेटची लांबी आमच्या कुठल्याच चालू ट्रान्सफॉर्मरला लागू पडत नाही. ज्या ट्रान्सफॉर्मरसाठी ती घेतली होती तो कधीच भंगारात गेला. म्हणजे कागदावर सहा होती, हाताशी चारच. शिवाय एक जुळणारं बुशिंग क्रेटमध्ये आडवं ठेवलेलं सापडलं. ते तेल-कागदी प्रकारचं आहे आणि वरचं टोक उंच ठेवण्याची सूचना पेटीवरच लिहिलेली होती. ते सरळ उभं केलंय. काही दिवस तसंच ठेवून टॅन डेल्टा घेऊ, मगच ते चारांत धरायचं की नाही ते ठरवता येईल. ऑइलसॅम्पल ताई, किती दिवस उभं ठेवावं याबद्दल तुमचा अनुभव सांगाल का? उत्पादकालाही विचारलंय, आणि दोन नव्या बुशिंगसाठी ड्रॉइंग आजच मागवली.